पंधरा किलोंचे कोकण

९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्गात चिपीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ठाण्यात राहणाऱ्या आम्हां चाकरमान्यांची मान उगाचच ताठ झाली. मुंबईहून चिपीशेजारच्या परुळ्याच्या अंगणात दीड तासात उतरता येते, हे ज्याला त्याला सांगताना घोडबंदर रस्त्यावरून मुंबईचा विमानतळ गाठायला लागणारा वेळ मी हिशेबात धरत नसे. जाताना तसा त्रासही झाला नाही, कारण गावी जाणाऱ्या माणसाच्या पिशवीत चार कपडे आणि मिठाईचा पुडा यांपलीकडे काही नसते. खरी परीक्षा परतीची, आणि तीही मे महिन्यातली.

पंखे फिरवत येणारे, सत्तरएक आसनांचे ते विमान एका प्रवाशामागे पंधरा किलो सामान नेते, हे मी काकांना आदल्या रात्री सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि सकाळी ओटीवर उकडे तांदूळ, आमसुले, काजूगर, मालवणी मसाला, नारळ आणि एक भलामोठा फणस मांडून ठेवला. कोंकणकन्या एक्स्प्रेसच्या आसनाखाली हा सगळा संसार निमूटपणे मावतो, यावर आमच्या घराण्याची पिढीजात श्रद्धा आहे. फणस येणार नाही, असे मी धीर एकवटून म्हणालो, तेव्हा काका शांतपणे उद्गारले, "इमानात फणस घेवक नाय, मगे ह्यां इमान कोकणात आणल्यानी कित्याक?" शासनाच्या कोणत्याही धोरणावर इतकी नेमकी टीका माझ्या वाचनात नाही.

मग काकीने सुक्या खोबऱ्याच्या वाट्या पुढे केल्या. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असते, ते आपोआप तापून पेटू शकते, म्हणून विमानवाहतुकीत त्याची गणना धोकादायक मालात होते, हे मी जमेल तितक्या शास्त्रीय भाषेत समजावले. "आमच्या माळ्यार वर्षभर आसता," काकी म्हणाली, "कधी पेटला नाय." लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीतून नेता येत नाही म्हणताच मात्र तिने माझ्याकडे असे पाहिले, की मुंबईत जाऊन मुलगा बिघडला याची तिला खात्री पटली असावी. शेवटी तांदूळ तोलायचा काटा ओटीवर आला. मसाला राहिला, नारळ निम्म्यावर आले, आणि माझ्या दोन पँट गावीच ठेवून त्या जागी काजूगर बसवण्यात आले.

फणसाचा प्रश्न काकांनीच सोडवला. "तुज्या पोटाचा वजन करतत?" त्यांनी विचारले. नाही म्हटल्यावर त्यांनी कोयतीला तेल लावले, फणस अंगणात फोडला आणि निघण्याच्या घटकेपर्यंत मला समोर बसवून, एकही गरा मागे राहणार नाही अशा बेताने, तो खायला लावला.

विमानतळावर पिशवी काट्याला बरोब्बर पंधरा उतरली. सुरक्षा तपासणीत मी हात पसरून उभा राहिलो, तपासणाऱ्या जवानाने यंत्र खांद्यांवरून, खिशांवरून आणि मग तट्ट फुगलेल्या पोटावरून फिरवले, क्षणभर थांबून नाकाने हवा ओढली आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने हळूच विचारले, "कापो की बरको?"

"कापो," मी सांगितले, आणि त्याने मला पुढे जाऊ दिले.