ब्रिटिश जनतेने महायुद्धानंतर सरकारकडे काहीच मागितलं नाही, हे खरं नाही

नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक संदेश फिरतोय. आशय असा: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन बेचिराख झालं, पण तिथल्या लोकांनी सरकारकडे फुकट काही मागितलं नाही, संप केले नाहीत, कुणापुढे हात पसरला नाही. निमूटपणे राबले आणि पाच वर्षांत देश पुन्हा श्रीमंत केला. आणि आपले लोक बघा, रेशनच्या रांगेत! ब्रिटिश माणसाने तेव्हा खूप सोसलं, यात वाद नाही. बाकीचं जवळजवळ सगळं उलटं आहे. त्या जोरावर आपल्याकडच्या गरिबाला हिणवलं जातंय, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

काही मागितलं नाही? युद्ध ऐन भरात असताना, डिसेंबर १९४२ मध्ये, अर्थतज्ज्ञ विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक विम्यावरचा अहवाल आला. दारिद्र्य, आजार, अज्ञान, बकाली आणि बेकारी या पाच राक्षसांशी लढायचं, असं त्यात म्हटलं होतं. रुक्ष सरकारी अहवाल, पण त्याच्या सहा लाखांवर प्रती खपल्या. मग जुलै १९४५ मध्ये याच जनतेने युद्ध जिंकून देणाऱ्या चर्चिलना घरी बसवलं आणि ॲटलींच्या मजूर पक्षाला ३९३ जागा दिल्या. आदर होता, पण घर, नोकरी आणि दवाखाना त्याहून महत्त्वाचा वाटला. मागणं याहून स्पष्ट काय असतं?

आणि मागितलेलं मिळालंही. १९४६ पासून दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येक मुलामागे आठवड्याला ५ शिलिंग भत्ता सुरू झाला, तोही आईच्या हातात. शाळेत रोज दूध मोफत. ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. त्याआधी साध्या माणसाचा चष्मा कसा यायचा? वूलवर्थच्या दुकानात काउंटरवर तयार चष्मे मांडलेले असत. एक डोळ्याला लावायचा, काढायचा, दुसरा लावायचा. ज्यातून अक्षर लागेल तो घेऊन घरी जायचं. डोळे तपासायला पैसे कुठले! नवी सेवा आल्यावर पहिल्याच वर्षात पन्नास लाखांहून जास्त चष्मे द्यावे लागले. इतकी माणसं इतकी वर्षं अंधूक बघत जगत होती, हे वाचताना मला आजही गलबलून येतं.

याला फुकट म्हणणंही चूक. कामगाराच्या विमा कार्डावर दर आठवड्याला हप्ता भरल्याचं तिकीट लागत होतं, आणि अतिश्रीमंतांच्या सर्वांत वरच्या कमाईवर पौंडातले साडेएकोणीस शिलिंग कर होता. पौंड तेव्हा २० शिलिंगांचा.

रेशनच्या रांगांवरून आपल्याला टोमणा आहे, म्हणून हे नीट सांगतो. युद्धकाळात ब्रिटनमध्ये पावावर कधीच रेशन नव्हतं. ते आलं शांतता झाल्यावर, जुलै १९४६ मध्ये, आणि दोन वर्षं टिकलं. १९४७ च्या भयंकर हिवाळ्यात कोळसा पुरेना, वीज जायची, कारखाने बंद पडले. चॉकलेट-गोळ्या रेशनमुक्त व्हायला १९५३ उजाडलं, मटण-मांसाला जुलै १९५४. युद्ध संपून नऊ वर्षं झाली होती. पाच वर्षांतली श्रीमंती ती कुठली? पण राजवाड्यापासून चाळीपर्यंत प्रत्येकाला रेशन पुस्तक होतं, म्हणून लोकांनी ते सहन केलं. कुरकुर मात्र केलीच. गृहिणींची संघटना उघड निषेध करत होती.

संपांबद्दल थोडक्यात: ऑक्टोबर १९४५ मध्येच गोदी कामगारांनी काम थांबवलं आणि माल उतरवायला सैन्य आणावं लागलं. १९४६ च्या उन्हाळ्यात बेघर कुटुंबं रिकाम्या लष्करी छावण्यांत शिरून राहू लागली. निमूटपणा यात मला तरी दिसत नाही.

आता हात पसरण्याचा मुद्दा. अमेरिकेकडून ३.७५ अब्ज डॉलर कर्ज घेतलं, दोन टक्के व्याजाने. त्याचा शेवटचा हप्ता डिसेंबर २००६ मध्ये फिटला. युद्धानंतर युरोप सावरायला अमेरिकेने दिलेल्या मार्शल मदतीतला सर्वांत मोठा वाटाही ब्रिटनलाच मिळाला. आणि आणखी एक मोठा सावकार होता: भारत. युद्धासाठी इथून माल आणि सेवा घेतल्या, पैसे लंडनच्या खात्यावर मांडून ठेवले. युद्ध संपलं तेव्हा ही रक्कम सुमारे १.३ अब्ज पौंड होती आणि पुढे ती टप्प्याटप्प्याने, करार करून सोडवून घ्यावी लागली. त्या पौंडांच्या तारणावर रिझर्व्ह बँक इथे नोटा छापत होती. महागाई भडकली, धान्य आवाक्याबाहेर गेलं. आपले आजी-आजोबा रेशनच्या रांगेत उभे राहिले ते याच युद्धात.