वकील आहात? मग आमदारकी काऊन नाही बाप्पा?

एलएलबी झाली, सनद आली, तालुक्याच्या कोर्टाबाहेर टिनाखाली टेबल-खुर्ची मांडून झाली आणि तरी दिवसभरात एखादी फेरफाराची भानगड अन् दोन प्रतिज्ञापत्रं येवढंच येत असेल तर टेन्शन नका घेऊ भाऊ, आमदार व्हा. वय २५ लागते, डिपॉझिट १० हजार, खर्चाची मर्यादा ४० लाख, आणि ती कागदावर कशी पाळायची हे वकिलाले काय शिकवायचं.

प्रचारात वसंतराव नाईकांचं नाव घ्यायचंच. तेही वकील, पुसदले प्रॅक्टिस केली अन् १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री राहिले. येवढ्यावर थांबा. पुढे त्यांनी काय काय केलं ते सांगत बसाल तर लोकं तुलना करतात.

निवडून आल्यावर काळा कोट पेटीत टाकू नका, आमदाराले वकिली करता येते हे सुप्रीम कोर्टानंच २०१८ मध्ये सांगून ठेवलं आहे. आणि कोर्टात शिकलेली एकच गोष्ट ध्यानात ठेवा, केस निकाली निघाली की पक्षकार गेला. आपल्या विदर्भात तर अशा केसेसची ददात नाही. गोसीखुर्द धरण घ्या. १९८८ मध्ये भूमिपूजन झालं, तेव्हा अंदाज ३७२ कोटींचा, आता तो हजारो कोटीत गेला, तेव्हा जन्मलेलं पोट्टं आज स्वतःच्या पोट्ट्याची फी भरून राहिलं अन् शेवटच्या शेतातल्या कास्तकाराले विचारा पाणी आलं का म्हणून. आता सांगा, असा मुद्दा कोणी संपवते का? मग विकासाचा अनुशेष आहे, वैधानिक विकास मंडळ आहे (त्याची मुदत २०२० च्या एप्रिलातच संपली, पण ते ज्याच्या आधारानं आलं त्या राज्यघटनेच्या कलम ३७१ चा उल्लेख केला की सभेतली मागची रांगही गप्प बसते), आणि काहीच नाही सुचलं तर वेगळा विदर्भ आहेच, तो विरोधात असताना काढायचा अन् सत्तेत आल्यावर घडी करून ठेवायचा.

तुमचा खरा सीझन डिसेंबर. नागपूर कराराच्या पुण्याईनं सरकार हिवाळी अधिवेशनाले इकडे येते, सावजी खाते, संत्र्याच्या पेट्या नेते. मोर्चे टेकडी रोडवर अडवतात, तिथं जाऊन निवेदन घ्यायचं, फोटो काढायचा, मग आत जाऊन तारांकित प्रश्न लावायचा की कापसाचे चुकारे थकले हे खरे आहे काय. उत्तर येईल, "हे अंशतः खरे आहे." पुढच्याच ओळीत, "प्रश्न उद्भवत नाही." अहाहा! तीस वर्षं ड्राफ्टिंग करणाऱ्या वकिलाले असं वाक्य जमत नाही. तुम्ही उठून समाधान झालं म्हणा अन् कॅन्टीनकडे निघा.

बाकी कायदे बनवणं वगैरे फार मनावर घेऊ नका, अशासकीय विधेयक मांडलं तर गावात कोणाले समजतही नाही. पाठ करायचं ते राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा. एखाद्या रात्री सगळ्यांचे मोबाईल जमा करून हॉटेलात नेलं ना, की पक्षातले भलेभले तुमच्या खोलीत येऊन बसतात, वकीलसाहेब सांगा, किती लागतात. आधी एक तृतीयांश आमदारांत फूट भागत होती, २००३ च्या घटनादुरुस्तीपासून दोन तृतीयांश अन् तेही विलीनीकरण म्हणून, महागाई सगळीकडेच वाढली. बरं अपात्रतेचा निकाल अध्यक्षांनी किती दिवसात द्यायचा ते परिशिष्टात लिहिलंच नाही, म्हणजे तोवर तुम्ही आमदारच, नशीब असलं तर मंत्रीही.

एकच धोका सांगतो. मतदारसंघातल्याच एखाद्या गावची पोरगी नागपूरले लॉ करून परत येते अन् ग्रामसभेत उठून विचारते, साहेब, पांदण रस्त्याची वर्क ऑर्डर दाखवा. तिच्यावर चिडू नका. आस्थेनं नाव विचारा, चहा पाजा, सरकारी वकिलांच्या पॅनेलसाठी तिची शिफारस करा. नाही म्हणाली तर पुढच्या निवडणुकीत तिकीट कोणाले जाणार ते पाहून घ्या अन् परिशिष्ट पुन्हा एकदा वाचा.