उताणं धरल्यावर गप्प पडलेलं पिल्लू शांत असतंच असं नाही

घरात कुत्रं आणायचं ठरल्याची कुणकुण लागली की आठवड्याच्या आत कोणीतरी तो मेसेज पाठवतंच: ‘पिल्लू निवडण्याची शास्त्रीय पद्धत’. मजकूर थोड्याफार फरकाने असा. पिल्लू बरोबर ४९व्या दिवशी तपासा. उताणं करून तीस सेकंद धरा, पंजाच्या बोटांमधली कातडी दाबा, पातेल्यावर चमचा आपटा, समोर छत्री उघडा, मार्क द्या. धडपडलं तर ते ‘अल्फा’, म्हणजे सगळ्यांवर सत्ता गाजवू पाहणारं, लहान मुलं असलेल्या घरात नको. गप्प पडून राहिलं तर उत्तम फॅमिली डॉग. पोलीस आणि गाइड डॉगवाले (अंधांना वाट दाखवणारी कुत्री तयार करणारे) हेच करतात, आणि या वयात दिसलेला स्वभाव जन्मभर बदलत नाही.

हे सगळं हवेतून आलेलं नाही. अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी १९७२ मध्ये पाच चाचण्यांचा संच मांडला. पुढे जॅक आणि वेंडी व्होलार्ड या दांपत्याने त्यात आवाज, स्पर्श, हलती वस्तू वगैरेंची भर घालून दहा चाचण्या केल्या आणि एक ते सहा अशी गुणांची पद्धत बसवली. त्यांच्या अटीही होत्या: जागा पिल्लाला अनोळखी हवी, तपासणारा माणूस अनोळखी हवा, एका वेळी एकच पिल्लू, आणि लस दिलेल्या दिवशी तर नाहीच. फॉरवर्ड होता होता अटी गळाल्या, छत्री तेवढी राहिली.

उताणं धरण्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. सात आठवड्यांच्या पिल्लाला परक्या माणसाने पाठीवर टाकून छातीवर हात ठेवला, की ते सुटायला धडपडतं किंवा गोठून जातं. खरंच निवांत पडणारीही पिल्लं असतात, पण गोठलेलं आणि निवांत यातला फरक ओळखायला कुठे बघायचं ते माहीत हवं. मागचे पाय सैल आहेत की ताठ? शेपूट मोकळी आहे की पोटाशी चिकटलीय? तोंड गच्च मिटलंय का, जीभ सारखी नाकावर फिरतेय का, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय का? मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही. तिथे फक्त घड्याळ आहे.

आमच्या एका दत्तक शिबिरात एका काकांनी असंच एक काळंतांबूस गावठी पिल्लू उताणं धरलं. पिल्लू हललं नाही. ‘किती गुणी आहे बघा!’ म्हणत त्यांनी ते खाली ठेवलं, तेव्हा शर्टाची बाही ओली झालेली होती. पिल्लू थेट टेबलाखाली. उकडलेल्या चिकनचा तुकडा समोर धरला तरी बाहेर येईना. मेसेजच्या हिशोबाने ते पहिल्या नंबरने पास. त्याच्या शेजारची त्याचीच बहीण काकांच्या हातात मासळीसारखी वळवळत होती. खाली ठेवताच तिने अंग झटकलं आणि काकांच्याच चपलेचा पट्टा चावायला घेतला. तिला ‘अल्फा’ ठरवून बाजूला काढण्यात आलं होतं.

लहान मुलांच्या घरासाठी या दोघांतलं कोणतं सोपं? मला विचाराल तर बहीण. तिला धक्का पचवून लगेच खेळाकडे वळता येतं. घाबरून गोठणारं पिल्लू मोठं झाल्यावर दर वेळी गोठेलच असं नाही. पाच वर्षांच्या मुलाने घट्ट मिठी मारली की महिनोन्‌महिने सोसतं आणि एक दिवस दात लावतं. मग घरचे म्हणतात, ‘काही कारण नसताना चावलं हो.’ अर्थात बहिणीबद्दलही मी एका धडपडीवरून फार बोलणार नाही. तिला शी लागली असेल, भूक लागली असेल. तीच चाचणी संध्याकाळी केली असती तर निकाल वेगळा आला असता.

पंजा दाबण्याबद्दल एवढंच: पुढे त्याच पंजाची नखं तुम्हालाच कापायची आहेत.

‘अल्फा’चं प्रकरण तर लांडगे अभ्यासणाऱ्यांनीच निकालात काढलंय. ती कल्पना मुख्यतः पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना परक्या लांडग्यांवरून आली. डेव्हिड मेच यांनी १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. सात आठवड्यांचं लॅब्रेडॉर तुमच्या घराची सत्ता बळकावायचे बेत करत नसतं.

आता ४९वा दिवस. दावा असा की त्या दिवशी पिल्लाचा मेंदू मोठ्या कुत्र्याइतका पूर्ण होतो. तसं होत नाही. अमेरिकेतल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर यांनी वर्षानुवर्षं पाच जातींची पिल्लं वाढवून १९६५ मध्ये जे मांडलं, त्यातून तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्याचा एक संवेदनशील काळ पुढे आला. या काळात माणसं, आवाज, जागा यांची ओळख झाली तर ती आपलीशी वाटतात. म्हणजे ४९व्या दिवशी ही खिडकी सताड उघडी असते. त्यात भीतीची सुरुवात सगळ्या जातींत एकाच वेळी होत नाही. जर्मन शेफर्डमध्ये ती कॅव्हेलियर स्पॅनियलपेक्षा लवकर दिसते. मग एकच तारीख सगळ्यांना कशी लागू पडणार? पुढे वयात येण्याचा काळ आहेच. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या अभ्यासात आठ महिन्यांची कुत्री पाच महिन्यांच्या वयापेक्षा स्वतःच्या माणसाची आज्ञा जास्त वेळा टाळताना दिसली, परक्याची मात्र ऐकत होती. वयात आलेली मुलं घरात असणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

आपल्याकडची गंमत वेगळीच. २०१७च्या श्वान प्रजनन आणि विक्रीच्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या, म्हणजे ५६ दिवसांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात ‘लहान असतानाच लळा लागतो’ म्हणत तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं सर्रास हातात टेकवली जातात. भावंडांसोबत खेळताना किती जोरात चावायचं हे शिकायचं वय, ते पिल्लू आपल्या सोफ्यावर एकटं काढतं. अशा पिल्लाला ४९व्या दिवशी छत्री दाखवून काय कळणार?

‘पोलीस आणि गाइड डॉगवाले हेच करतात’ हा दावा जरा नीट बघायला हवा, कारण तो अर्धा खरा आहे. स्वीडनमध्ये विल्सन आणि सुंडग्रेन यांनी ६३० जर्मन शेफर्ड पिल्लं आठ आठवड्यांची असताना तपासली आणि मोठेपणी पुन्हा पाहिली. १९९८च्या त्यांच्या निष्कर्षानुसार, पुढे कामाला कोण योग्य ठरेल हे सांगायला पिल्लाची चाचणी उपयोगी पडली नाही. व्हिएन्नाच्या संशोधकांनी बॉर्डर कॉली जातीच्या पाळीव कुत्र्यांवर असंच काम केलं. ४० ते ५० दिवसांची १३४ पिल्लं तपासली, त्यातली ५० कुत्री दीड-दोन वर्षांची झाल्यावर पुन्हा. २०१४ मध्ये आलेल्या निकालात टिकून राहिलेली गोष्ट एकच: नवी जागा हुंगत फिरण्याची हौस.

उलट बाजूही आहे. झेक पोलिसांच्या शेफर्ड पिल्लांमध्ये चेंडूमागे धावणं, चिंधी पकडणं यांचा पुढे पोलीसकामासाठी मिळणाऱ्या प्रमाणपत्राशी संबंध सापडला. ब्रिटनच्या गाइड डॉग संस्थेच्या पिल्लांमध्येही २०१३च्या अभ्यासात काही वागण्यांचा पात्रतेशी धागा जुळला. पण या संस्था स्वतःच पिढ्यान्‌पिढ्या निवडून पिल्लं काढतात, ठरलेल्या पद्धतीने वाढवतात, वर्षाने पुन्हा तपासतात आणि तरीही बरीच कुत्री गळतात. त्यांना शेकडो पिल्लांतून कामाची निवडताना थोडी चाळणी लागली तरी फायदा असतो. तुम्ही एकच पिल्लू नेणार, त्याला चौथ्या मजल्यावर ठेवणार आणि दिवाळीत त्याच्याजवळ बसणार.

मग पिल्लाकडे बघायचंच नाही का? बघा, पण टोकं बघा आणि एकापेक्षा जास्त दिवशी बघा. दचकणं ठीक, पण दचकल्यावर किती वेळात सावरतं? दोन वेगवेगळ्या दिवशी गेलात आणि दोन्ही वेळा कोपऱ्यातच दडलेलं दिसलं, तर ते पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्या घराचं काम नाही. दत्तक देताना मी पिल्लाच्या मार्कांपेक्षा घरालाच जास्त प्रश्न विचारते. दुपारी घरी कोण असतं? सकाळी सहाला फिरवणार कोण, आणि पावसाळ्यात? आजोबांच्या पायात येणारं चालेल का? भरपूर पळायला लागणारी बॉर्डर कॉली किंवा हस्की वन बीएचकेत, दिवसभर एकटी, असं उत्तर आलं तर तिथे कोणतीच चाचणी मदतीला येत नाही.

विकत घेणार असाल तर ‘टेस्ट केलीय का?’ हा प्रश्न नंतर. आधी जन्मतारीख विचारा आणि आई दाखवायला सांगा. ती परक्या माणसाला जवळ येऊ देते का, पिल्लं नुसत्या सिमेंटच्या खोलीत वाढतायत की घरातले आवाज ऐकत, कुकरची शिट्टी झाली की काय करतात, हे बघायला अर्धा तास पुरतो. ‘आई गावाकडच्या फार्मवर आहे’ असं उत्तर मिळालं, तर हातातलं पिल्लू कितीही गोड असो, खाली ठेवा आणि चपला घाला.