कल्चरला नकार द्या म्हणे!

मामा आयसीयूत, आणि मामींच्या फोनवर नेमका आत्ताच तो फॉरवर्ड येऊन पडला. मजकूर थोडक्यात असा: बिल फुगवायला एकच ब्लड कल्चर (रक्त बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतो का ते पाहणं) दोन्ही हातांतून करतात, रिपोर्टला तीन दिवस लागतात, औषधाचे दिवस उगाच वाढवतात, म्हणून कल्चरला नकार द्या आणि सर्वांत भारी अँटिबायोटिक सुरू करायला लावा, रिपोर्ट आलाच तर ज्या औषधासमोर सर्वांत छोटा आकडा, तेच मागा, आणि नळीतून हळदीचा काढा द्या. मामींनी सिस्टरला दुसऱ्या हाताला सुई लावू दिली नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

‘नकार द्या’ हे सगळ्यात घातक. रिपोर्टची वाट बघत औषध थांबवा, असं कुणी म्हणतच नाही. सेप्टिक शॉक, म्हणजे जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेला असेल तर पहिला डोस तासाभरात गेला पाहिजे. रक्त त्याच्या आधी काढायचं, इतकंच. काही मिनिटांचं काम. डोस गेल्यावर घेतलेल्या रक्तात जंतू वाढण्याची शक्यता बरीच घटते, आणि मग ताप हटला नाही की डॉक्टरही चाचपडतात. शिवाय रक्तात खरा जंतू असेल तर बाटली बहुतेकदा पहिल्या एक-दोन दिवसांतच पॉझिटिव्ह येते.

दोन हात का? रक्तात जंतू फिरत असले तरी पुष्कळदा एका मिलीलिटरला एखादाच, कधी तोही नाही. म्हणून मोठ्या माणसाला दर बाटलीत 8 ते 10 मिली, एका हातातून घेतलेल्या सेटला दोन बाटल्या आणि निदान दोन सेट. शिवाय स्पिरिटने कितीही पुसलं तरी कातडीवरचा जंतू कधीमधी सुईबरोबर आत जातो. तो एकाच हाताच्या सेटमध्ये वाढला आणि दुसरा कोरा राहिला, तर बहुधा सोडून देता येतो. सेटच एक असेल तर ठरवायचं कशावरून? मग ‘असू दे’ म्हणून व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक चालू राहतं आणि किडनीला त्रास होतो.

छोट्या आकड्याची गोष्ट तर हास्यास्पद आहे. तो आकडा म्हणजे जंतूची वाढ रोखायला त्या औषधाचं किमान किती प्रमाण लागतं ते. कितीपर्यंत चालेल, ही मर्यादा प्रत्येक औषधाची वेगळी, एकाचा 0.5 आणि दुसऱ्याचा 2 यांची तुलनाच होत नाही. आणि ‘भारी’ म्हणजे सरस असंही नाही. मेथिसिलिन या अँटिबायोटिकने मरणारा स्टॅफ ऑरियस नावाचा जंतू निघाला, तर व्हँकोमायसिनपेक्षा सेफाझोलिन हे साधं अँटिबायोटिक चांगलं काम करतं.

काढ्यावर मी बोलणार नाही. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला!

एक मात्र कबूल करावं लागतं. ‘दिवस उगाच वाढवतात’ ही त्यातली ओळ निव्वळ थाप नाही. 2024 साली आलेल्या ‘बॅलन्स’ चाचणीत सात देशांतल्या 3,608 रुग्णांना रक्तातल्या जंतुसंसर्गासाठी सात किंवा चौदा दिवस अँटिबायोटिक दिलं. 90 दिवसांतले मृत्यू सातवाल्यांत 14.5 टक्के, चौदावाल्यांत 16.1. म्हणजे सात दिवस कमी पडले नाहीत. तेव्हा ‘किती दिवस आणि का’ हे जरूर विचारा. फक्त स्टॅफ ऑरियसचे रुग्ण त्या चाचणीत घेतलेच नव्हते. त्याला किमान चौदा दिवस, आणि हृदयाच्या झडपेवर बसला असेल तर सहा आठवडेसुद्धा. आता तो आहे की नाही, हे कल्चरशिवाय कळणार कसं, ते फॉरवर्ड लिहिणाऱ्याने सांगावं.