तिसरा गिअर बेपत्ता

माझ्या जुन्या मोटरसायकलला कितवा गिअर पडलाय ते दाखवणारा आकडा आहे. 1974 साली सुझुकीच्या जीटी 750 वर असा आकडा आला, तेव्हा ती चैनीची गोष्ट होती. माझी गाडी कुणाची ते सांगत नाही. म्हातारपणी कुणाची अब्रू काढू नये. तर एका संध्याकाळी या आकड्यांतला तीन गायब झाला. एक, दोन, अंधार, चार, पाच.

खरं तर याने काही अडत नाही. गिअर पायाला कळतो, कानाला कळतो. न्यूट्रलच्या दिव्याने दगा दिला असता तर गोष्ट वेगळी, भर चौकात क्लच सोडल्यावर समजलं असतं. पण तो रिकामा चौकोन एकदा डोळ्यांत खुपायला लागला की माणसाला सुचत नाही दुसरं.

जुनी गाडी उघडून बसलं की सल्लागार आपोआप उगवतात. शेजारचे काका खुर्ची घेऊनच आले. "बल्ब गेलाय," त्यांनी बसायच्या आधीच निकाल दिला.

त्यात तसं चूक काही नव्हतं. या गाडीत प्रत्येक आकड्यामागे स्वतंत्र बल्ब आहे. त्याला 12 व्होल्ट कायम मिळतात, अडतं ते अर्थिंगपाशी, म्हणजे वीज इंजिनच्या धातूतून परत जाण्याच्या वाटेपाशी. गिअर पडला की इंजिनातल्या, गिअर बदलताना फिरणाऱ्या ड्रमच्या टोकाची पिन स्विचमधल्या त्या त्या ठिपक्याला टेकते आणि तेवढाच आकडा उजळतो. म्हणून स्विचकडून येणारी तिसऱ्याची वायर सोडवून मी इंजिनच्या उघड्या धातूला टेकवली. तीन लख्ख! म्हणजे बल्ब धडधाकट, वायर धडधाकट, चोर स्विचमध्ये.

"मग बल्ब ढिला असेल," काका म्हणाले.

स्विच असतो पुढच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या कव्हरमागे. तिथे चेनचं तेल आणि रस्त्याची धूळ यांचा जो काळा लगदा साचलेला असतो, त्याला नाव देण्याची माझी हिंमत नाही. कव्हरचे स्क्रू दिसायला साधे प्लसचे, पण जातीचे जपानी. मुंडीवर बारीक ठिपका असतो, ती त्यांची खूण. नेहमीचा स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्यात नीट बसत नाही. जोर लावला की वर चढतो आणि खाच गोल करून टाकतो. आधीच्या मालकाने हे काम मनापासून केलं होतं. शेवटी हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणला. दर ठोक्याला काका डोळे मिटत होते.

स्विचमागची पिन आणि तिची स्प्रिंग उडून कायमची हरवते, असं सगळेच सांगतात. म्हणून मी खाली पांढरी चादर अंथरली, गाडी मेन स्टँडवर घेतली (साइड स्टँडवर ती डावीकडे कलते आणि तिथूनच तेल गळतं), काका लोहचुंबक घेऊन सज्ज. स्विच काढला. काहीच उडालं नाही. स्प्रिंग तेलात चिकटून निवांत बसली होती. काकांची घोर निराशा झाली.

तिसऱ्या ठिपक्यावर काळा थर होता, पिनचं टोकही झिजून सपाट झालेलं. बारीक पॉलिश पेपरने दोन्ही घासलं, स्प्रिंग किंचित ताणली, तेल अडवणारी नवी रबरी ओ-रिंग घातली. इंजिन बंद असताना गिअर नुसते पडत नाहीत, मागचं चाक हाताने फिरवत आतले दाते जुळवावे लागतात. चाक काकांकडे दिलं, पाय माझा.

"एक!" "दोन!" "तीन!" काका लॉटरी लागल्यासारखे ओरडले.

दुसऱ्या दिवशी कडक उन्हात गाडी बाहेर काढली. आकडा मुळी दिसेचना. तो लागलाय की नाही हे बघायला वर हात धरून सावली करावी लागते. उजवा हात अॅक्सिलरेटरवर, म्हणजे उरला डावा. आणि डावा उचलला की क्लच कोण धरणार?