मिथेनॉल म्हणजे दारू नव्हे

निफाड-पिंपळगावकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर फिरणारा एक फॉरवर्ड आता माझ्या भाच्यापर्यंत आलाय. तो मर्चंट नेव्हीच्या जीपी रेटिंग कोर्सला, म्हणजे जहाजावरच्या खलाशाच्या प्रशिक्षणाला निघालाय, म्हणून गप्प बसवत नाही. फॉरवर्ड म्हणतो, जहाजांचं नवं इंधन मिथेनॉल हे आपल्या वाइनसारखंच अल्कोहोल आहे, पोटात गेलं तर फार तर नशा चढेल. जुन्या इंजिनात डिझेलऐवजी तेच ओतायचं. एलएनजीवर, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या जहाजाचं प्रदूषण शून्य. आणि या सगळ्यामुळे युरोपला जाणाऱ्या द्राक्षाच्या कंटेनरचं भाडं निम्म्यावर येणार.

पहिला मुद्दा जीव घेणारा आहे. वाइनमध्ये असतं ते इथेनॉल. मिथेनॉल पोटात गेलं की यकृतात त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड होतं आणि मग फॉर्मिक ॲसिड. हे ॲसिड डोळ्याची नस निकामी करतं. १० मिली, म्हणजे दोन छोटे चमचे, एवढ्याने दृष्टी जाऊ शकते आणि ३० मिलीने माणूस दगावू शकतो. घात असा होतो की सुरुवातीला खरोखरच थोडी नशा वाटते. डोळ्यांपुढे धुकं, पोटात कळा, धाप हे बहुतेकदा १२ ते २४ तासांनी सुरू होतं, आणि तोवर ‘काही झालं नाही’ म्हणून माणूस झोपून गेलेला असतो. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती याच मिथेनॉलने. ते कातडीतूनही आत शिरतं. अंगावर सांडलं तर कपडे-बूट ताबडतोब काढा, १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि बरं वाटत असलं तरी डॉक्टरला कळवा.

आगीचंही तेच. जहाजाच्या नेहमीच्या इंधनाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, किमान ६० अंश लागतो, मिथेनॉलचा ११-१२ अंश आहे. निफाडची थंडीतली पहाट सोडली तर एरवी आपल्याकडे त्याची वाफ ठिणगीने कधीही पेटेल. ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही, धूरही नाही, म्हणून इन्फ्रारेड कॅमेरे लागतात. आग विझवायचा साधा फोम त्यात विरून जातो, अल्कोहोलला टिकणारा वेगळा फोम ठेवावा लागतो. पाणी मारून पातळ करू म्हणाल, तर तीन भाग पाण्यात एक भाग मिथेनॉल असलं तरी ते मिश्रण पेटू शकतं.

‘जुन्या इंजिनात ओता’ हे लिहिणाऱ्याने इंजिन रूम पाहिलेली नाही. मिथेनॉल दाबाखाली आपणहून सहज पेट घेत नाही, आधी डिझेलचा छोटा फवारा द्यावा लागतो. त्याला वंगणाचा गुण नाही, शिवाय ते ॲल्युमिनियम खातं. म्हणजे इंजेक्टर वेगळे, सील वेगळे, टाकीला आतून झिंक सिलिकेटचं कोटिंग, इंधनावर नायट्रोजनचा थर, पाइप दुहेरी आणि त्या दोन भिंतींमधली हवा तासाला ३० वेळा बदलायची. तेवढंच अंतर कापायला टाकीही साधारण अडीचपट लागते. जुनं जहाज बदलता येतं, हे कबूल. ‘स्टेना जर्मानिका’ ही प्रवासी फेरीबोट २०१५ मध्ये तशी बदलली, पण त्यासाठी शिपयार्ड गाठावं लागलं. आणि आज जगातलं बहुतेक मिथेनॉल नैसर्गिक वायू किंवा कोळशापासूनच बनतं, ते हिरवं नव्हे.

एलएनजीबद्दल अर्धं खरं आहे. गंधक जवळजवळ नाही, जळताना कार्बन डायऑक्साइडही २० ते २५ टक्के कमी. पण न जळलेला मिथेन धुराड्यातून निसटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस-तीसपट तापवतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा २०२० चा चौथा अभ्यास सांगतो की २०१२ ते २०१८ मध्ये जहाजांचं मिथेन उत्सर्जन सुमारे १५० टक्क्यांनी वाढलं, मुख्यतः एलएनजीमुळे. शून्य कुठून आलं?

राहिलं भाडं. शून्य अंशाच्या आसपास ठेवलेल्या द्राक्षाच्या रीफरला, म्हणजे थंड कंटेनरला, समुद्रावर वीज मिळते ती जहाजाच्याच जनरेटरमधून, तेव्हा तेही इंधन धरा. युरोपबाहेरून येणाऱ्या प्रवासाच्या निम्म्या उत्सर्जनावर युरोपीय संघ कार्बनचे पैसे घेतो. त्यातल्या २०२४ च्या उत्सर्जनाचे ४० टक्के मोजले, २०२५ च्या ७० टक्के आणि २०२६ पासून पूर्ण. या हंगामाचा सौदा करण्याआधी शिपिंग लाइनच्या कोटेशनमध्ये उत्सर्जन अधिभाराची ओळ शोधा. ती भाड्यात मिळवायची असते, वजा करायची नसते.