“दीड महिन्यात ड्रेड्स सुटले, पैसे पाण्यात गेले” या रिव्ह्यूला माझं उत्तर

भाऊ नमस्कार. तुम्ही एक स्टार दिला आणि लिहिलं की साडेसात हजार घेतले, दीड महिन्यात ड्रेड्स (केस गुंतवून केलेल्या दोरीसारख्या बटा) सुटायला लागले, डोकं खाजतं, कुबट वास येतो, वॅक्स लावलाच नाही, टाइट करायला आलो तर मॅडमनी “आत्ता नाही” म्हणून परत पाठवलं, आणि घरी आई म्हणते पोराला जट आली. इथेच सविस्तर लिहिते, कारण हेच प्रश्न घेऊन भुसावळ, चोपडा, पार धुळ्याहून पोरं-पोरी जळगावला येतात, त्यांच्याही कामी येईल.

आधी सुटण्याचं बोलू. आफ्रिकन लोकांचे केस मुळातच बारीक कुरळे, ते आपसूक एकमेकांत अडकतात. आपले सरळ आणि गुळगुळीत, त्यांना गुंतायची सवय लावावी लागते, म्हणून आधी डोक्यावर चौकोन पाडायचे, ते पण विटा रचतात तसे एकाआड एक म्हणजे मधून टाळू दिसत नाही, मग एकेका बटेला उलटा कंगवा मारायचा आणि बारीक क्रोशाच्या सुईने केस आतल्या आत ओढत जायचं. अख्खा दिवस जातो यात. पण त्या दिवशी ड्रेड तयार होत नाही भाऊ, त्या दिवशी फक्त सुरुवात होते! पुढचे काही महिने केस बाहेर येणारच, मधेच कुठे फुगणार, लांबी चांगलीच आखडणार, आणि आपल्यासारख्या केसांना पक्कं व्हायला वर्ष, कधी कधी दोन वर्षं पण लागतात. तुम्ही ज्याला सुटणं म्हणताय ते खरं तर गुंतणं चालू आहे. हे मी बसवायच्या आधी सांगते, तुम्हालाही सांगितलं होतं आणि कागदावर लिहून पण दिलं होतं.

आता टाइट का नाही करून दिलं. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटीमीटर वाढतो. दीड महिन्यात मुळाशी पुरते दोन सेंटीमीटर पण नवीन केस नव्हते, तेवढ्यात मी सुई घातली असती तर नवीन केस गुंतायच्या ऐवजी तुटले असते आणि मूळ ताणलं गेलं असतं. सारखं ताणलं की कपाळाकडचे आणि कानावरचे केस विरळ होत जातात, डॉक्टर त्याला ट्रॅक्शन एलोपेशिया म्हणतात, लवकर लक्षात आलं तर केस परत येतात पण वर्षानुवर्षं ताण राहिला तर तिथे परत उगवत नाहीत. दर पंधरा दिवसांनी बोलावून पैसे घेणं मला सोपं होतं, पण पंचविशीतल्या पोराचं कपाळ मागे सरकवायचं काम मी करणार नाही, त्यासाठी कोणी एक स्टार दिला तरी चालेल. अडीच-तीन महिन्यांनी या असं त्यासाठीच म्हटलं होतं.

तुम्ही रिव्ह्यूबरोबर फोटो टाकलाय तो मी मोठा करून पाहिला. मुळापासून चार बोटांवर पिवळसर चिकट थर आहे. तो वॅक्स आहे, आणि माझ्याकडे वॅक्सचा डबाच नसतो, म्हणजे नंतर कुठेतरी लावून घेतलाय. मेणाचा वॅक्स साध्या शाम्पूने निघत नाही, आत बसतो आणि जे उडेल ते धरून ठेवतो. त्याच फोटोत टोकांना पांढरे बारीक धागे दिसतात, आणि तुम्हीच लिहिलंय की कापसाच्या जिनिंगला कामाला आहात, म्हणजे ती रुई आहे भाऊ, दिवसभर हवेत उडते, वॅक्सला चिकटते आणि ड्रेड आवळत गेला की आत कायमची बसते, मग सुईच्या टोकाने एकेक तंतू ओढून काढावा लागतो. कामावर असताना डोक्याला सुती फडकं नको, त्याचेही धागे सुटतात, गुळगुळीत कापडाचा रुमाल घट्ट बांधा.

वासाचं कारण बहुतेक हेल्मेट. सकाळी धुतलं, वरून कोरडं वाटलं, हेल्मेट घातलं आणि निघालात. ड्रेड आतून ओला राहतो, हेल्मेटमध्ये गरम होतो आणि तिथे बुरशी धरते. धुणं बंद करणं हा उपाय नाही, “ड्रेड्स धुवायचे नसतात” हे कोणीतरी पसरवलंय ते साफ चुकीचं आहे, स्वच्छ केस उलट लवकर गुंततात. आठवड्यातून एकदा धुवा, कंडिशनर नको, शाम्पू पाण्यात पातळ करून फक्त टाळूला लावा आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत पिळत रहा. रात्री धुऊन ओलं झोपू नका. उन्हाळ्यात आपल्याकडे गच्चीवर दोन-तीन तासात वाळतात, पावसाळ्यात मात्र फॅनखाली बसून वर ड्रायर मारावाच लागतो. बोरचं जड पाणी शक्यतो टाळा, क्षार आत राहतात आणि केस राठ होतो, नळाला वाघूर धरणाचं पाणी येईल त्या दिवशी धुणं ठेवा. शिकेकाई पावडर नको, कण आत अडकतात, रिठ्याचं पाणी चालेल पण दोनदा गाळून. आणि खोबरेल तेल थापू नका, आईला राग येईल माहितीये, तरी नको, केस निसटतात आणि धूळ बसते.

खाज पहिले काही आठवडे येते, केसांची दिशा बदलते म्हणून. पण लाल चट्टे किंवा पू दिसला तर माझ्याकडे नाही, सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जा.

आईंचं मी मनावर घेतलंय. “हाई काय करी लिधं रे डोकाले” असं म्हटल्या असतील, माझ्या घरी पण तेच म्हटले होते. त्यांना सांगा, जट केस न विंचरता, न धुता गुंतून बनते, त्यात देवीचं काही नसतं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) नंदिनी जाधव यांनी कितीतरी बायकांच्या जटा कापून काढल्यात आणि त्या बायका आज मोकळ्या मानेने फिरतात, कोणाचंही वाईट झालं नाही. तुम्ही तर हौसेने करून घेतलंय, मनात आलं त्या दिवशी काढता येतं. काढताना केसांचा पुंजका हातात येईल तेव्हा घाबरू नका, माणसाचे रोज पन्नास-शंभर केस गळतातच, ते इतके दिवस ड्रेडमध्येच अडकून होते.

पैसे परत मागितलेत, ते देणार नाही, काम पूर्ण झालंय आणि ड्रेड्स फोटोत तरी मला ठीक दिसतात. पण वॅक्स आणि रुई काढायचे पैसे घेणार नाही. वेळ जाईल, गरम पाण्यात पुन्हा पुन्हा पिळून, सुईने साफ करून, म्हणून सकाळी लवकर या आणि पूर्ण दिवस मोकळा ठेवा. आदल्या दिवशी तेल, वॅक्स, जेल काही लावू नका, केस कोरडे ठेवून या. आईंना पण घेऊन या, त्यांचे प्रश्न असतील ते मी समोर बसून ऐकते.